लाल डोळा म्हणजे प्रत्येक वेळी 'डोळे आले' असं असतं का? युव्हायटिस म्हणजे काय आणि त्यावर उपचार कसे होतात?

पावसाळ्यात डोळा लाल झाला की आपण लगेच म्हणतो, डोळे आलेत. २०२३ च्या पावसाळ्यात तर महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ होती. वर्गात, ऑफिसात, लोकलमध्ये काळे गॉगल लावलेली माणसं दिसायची. बहुतेकांचे डोळे आठवडाभरात बरेही झाले. त्यामुळे एक सवय आणखी पक्की झाली: डोळा लाल झाला की मेडिकलमधून ड्रॉप आणायचे, दोन-तीन दिवस घालायचे आणि विसरून जायचं.

पण लाल डोळ्यामागे वेगळाच आजार असू शकतो. त्यात आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती डोळ्याच्या आतल्या भागात दाह निर्माण करते. या आजाराचं नाव आहे युव्हायटिस. तो वेळेत ओळखला आणि नीट उपचार झाले तर अनेकांची नजर टिकते. दुर्लक्ष झालं तर गेलेली नजर परत येईलच असं नाही. आणि या आजारात सगळ्यात जास्त फसवते ती एक गोष्ट: डोळ्याची लाली गेली म्हणजे आजार गेला, असं इथे नसतं.

युव्हायटिस म्हणजे नेमकं काय?

डोळ्याच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा पांढरा, चिवट थर आपल्याला दिसतो. सगळ्यात आत रेटिना, म्हणजे डोळ्याचा पडदा असतो. त्यावर चित्र उमटतं. या दोघांच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेला एक गडद रंगाचा थर असतो. त्याला युव्हिआ म्हणतात. बाहेरचा पांढरा थर सोलून काढला तर आतला भाग काळ्या द्राक्षासारखा दिसतो. लॅटिन भाषेत द्राक्षाला 'युव्हा' म्हणतात. नाव तिथूनच आलं.

युव्हिआचे तीन भाग आहेत. पुढे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस. त्याच्या मागे डोळ्यातलं पाणी तयार करणारा सिलिअरी बॉडी. आणि मागच्या बाजूला रेटिनाला रक्त पुरवणारा कोरॉइड. यातल्या कुठल्याही भागाला सूज आली की त्याला युव्हायटिस म्हणतात. सूज पुढच्या भागात असेल तर अँटिरिअर, मधल्या भागात असेल तर इंटरमिजिएट, मागे असेल तर पोस्टिरिअर आणि सगळीकडे पसरली असेल तर पॅनयुव्हायटिस. पुढच्या भागाचा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. मागच्या भागाचा कमी दिसतो, पण नजरेला त्याचा धोका अधिक, कारण रेटिना त्याला चिकटूनच असतो.

डोळे येणं आणि युव्हायटिस, फरक कसा ओळखायचा?

डोळे येतात तेव्हा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा सुजतो. डोळा चिकट होतो, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, खाज येते, पाणी येतं. बऱ्याचदा एका डोळ्यातून दुसऱ्यात जातं आणि घरातल्या इतरांनाही होतं. चिपडं पुसली की सहसा नेहमीसारखं दिसतं.

पुढच्या भागाच्या युव्हायटिसमध्ये चिकटपणा नसतो. डोळा आतून ठणकतो. उजेड सहन होत नाही, ट्यूबलाइट लावली तरी डोळा मिटून घ्यावासा वाटतो. नजर धूसर होते. लाली बहुतेक वेळा मधल्या काळ्या भागाच्या कडेला गोलाकार जास्त दिसते. बाहुली लहान किंवा वेडीवाकडी दिसू शकते. आणि हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

मागच्या भागाच्या युव्हायटिसमध्ये तर डोळा लाल होतोच असं नाही, दुखतोच असंही नाही. नजरेसमोर काळे ठिपके, जाळ्या किंवा माशा तरंगल्यासारखं वाटतं आणि दिसणं हळूहळू मंद होत जातं. आरशात डोळा अगदी ठणठणीत दिसतो. म्हणून अनेक जण चष्म्याचा नंबर वाढला असेल असं समजून थांबतात.

लक्षात ठेवायला सोपं सूत्र असं: लाल डोळ्यासोबत ठणका असेल, उजेडाचा त्रास असेल किंवा नजर कमी झाली असेल, तर मेडिकलच्या दुकानात जायचं नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जायचं.

शरीर स्वतःच्याच डोळ्यावर हल्ला का करतं?

रोगप्रतिकारशक्तीचं काम परक्या गोष्टी ओळखून त्यांना संपवणं. हे काम करताना सूज येते. हाताला जखम झाली आणि आठवडाभर सूज राहिली तर बिघडत नाही. डोळ्याच्या आत मात्र तेवढी सूजही महागात पडते, कारण तिथले पारदर्शक भाग आणि रेटिनाच्या पेशी नाजूक असतात आणि रेटिनाच्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

म्हणून निसर्गाने डोळ्याला खास वागणूक दिली आहे. १९४० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी सशांवर प्रयोग केले. एका सशाची त्वचा दुसऱ्या सशाच्या अंगावर लावली की शरीर ती नाकारायचं. पण तीच त्वचा डोळ्याच्या आतल्या पोकळीत ठेवली तर ती जास्त काळ टिकायची. म्हणजे डोळ्याच्या आत रोगप्रतिकारशक्ती जरा दबून वागते. मेडावर यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, ते परक्या पेशी सहन करायला शरीराला शिकवता येतं या संशोधनासाठी.

रक्त आणि डोळा यांच्यामध्ये एक कुंपण असतं. त्यामुळे डोळ्यातल्या काही प्रथिनांची शरीराच्या पहारेकऱ्यांशी फारशी ओळखच झालेली नसते. हे कुंपण तुटलं तर काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लुई ब्रेल. १८०९ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला हा मुलगा तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कामाच्या जागी खेळत होता. चामड्याला भोकं पाडायची आरी त्याच्या एका डोळ्यात घुसली. काही काळाने दुसरा, मार न लागलेला डोळाही गेला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत तो पूर्ण आंधळा झाला. आजचे अनेक डॉक्टर मानतात की हा सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया असावा. हा युव्हायटिसचाच एक प्रकार आहे. एका डोळ्याला खोल जखम होते, आतली प्रथिनं रोगप्रतिकारशक्तीसमोर उघडी पडतात आणि मग ती दोन्ही डोळ्यांवर तुटून पडते. पुढे याच लुईने अंधांसाठी ठिपक्यांची लिपी तयार केली.

बहुतेक रुग्णांमध्ये मात्र अशी कुठलीही जखम नसते. जनुकीय कल, एखादा जुना संसर्ग आणि शरीरातला दुसरा एखादा आजार यांतून हा हल्ला सुरू होतो. पुष्कळदा सगळ्या तपासण्या करूनही नेमकं कारण सापडत नाही. उपचार तरीही करता येतात आणि करावेच लागतात.

डोळ्याच्या आजारात डॉक्टर पाठीबद्दल का विचारतात?

युव्हायटिस हा फक्त म्हातारपणीचा आजार नाही. तो तरुण आणि कामाच्या वयातल्या लोकांना जास्त गाठतो. आणि अनेकदा तो शरीरातल्या दुसऱ्या आजाराची पहिली खूण असतो.

सकाळी उठल्यावर कंबर आणि पाठ ताठलेली असते, चाललं-फिरलं की बरं वाटतं, अशी तक्रार असलेल्या तरुणाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो. या आजाराच्या साधारण चारपैकी एका रुग्णाला कधी ना कधी युव्हायटिस होतो. यामागे बहुतेक वेळा एचएलए-बी२७ हे जनुक असतं.

तोंडात वारंवार फोड येत असतील तर बेचेट्स आजाराचा विचार होतो. १९३७ मध्ये तुर्कस्तानचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेचेट यांनी त्याचं वर्णन केलं. डोकं दुखणं, कानात आवाज येणं आणि दोन्ही डोळ्यांची नजर एकदम कमी होणं, पुढे त्वचेवर किंवा पापण्यांच्या केसांवर पांढरेपणा येणं, अशी साखळी असेल तर व्होग्ट-कोयानागी-हाराडा हा आजार असू शकतो. त्यात शरीर रंगद्रव्याच्या पेशींवर हल्ला करतं. गोऱ्या युरोपीय लोकांपेक्षा आशियाई लोकांमध्ये, भारतीयांमध्येही, तो जास्त दिसतो.

म्हणून डोळ्याचे डॉक्टर सांधे, पाठ, तोंडातले फोड, त्वचेवरचे डाग, खोकला, वजन कमी होणं याबद्दल विचारतात तेव्हा कंटाळू नका. सगळं सांगा.

भारतात आधी टीबीची तपासणी का होते?

प्रत्येक युव्हायटिस रोगप्रतिकारशक्तीच्या गोंधळामुळेच होतो असं नाही. टीबी, सिफिलिस, नागीण आणणारे हर्पिस गटातले विषाणू आणि टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी यांमुळेही तो होतो. दोन्ही प्रकार वरून सारखेच दिसू शकतात, उपचार मात्र वेगळे असतात.

आपल्याकडे टीबी मोठ्या प्रमाणावर आहे. छातीत काही त्रास नसतानाही डोळ्यात टीबीमुळे सूज येऊ शकते. म्हणून छातीचा एक्स-रे, हातावर टोचून केली जाणारी माँटू टेस्ट किंवा इग्रा ही रक्ततपासणी केली जाते. टीबी असेल तर त्याची औषधं द्यावी लागतात. तो लपून बसलेला असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू केली तर तो पुन्हा डोकं वर काढू शकतो.

दुसरं उदाहरण पावसाळ्याचं आहे. मुंबई-कोकणात लेप्टो म्हणून ओळखला जाणारा लेप्टोस्पायरोसिस आपल्याला ताप आणि काविळीसाठी माहीत आहे. पण ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही त्यातून युव्हायटिस होऊ शकतो. १९९३ च्या अखेरीस तमिळनाडूत पूर आल्यानंतर १९९४ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात अशा रुग्णांची लाटच आली होती. पुराच्या पाण्यात वावरल्यानंतर ताप येऊन गेला असेल आणि नंतर डोळा लाल झाला किंवा अंधुक दिसू लागलं, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

तपासणीत काय दिसतं?

स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रावर हनुवटी टेकवून बसवतात आणि प्रकाशाची बारीक पट्टी डोळ्यात सोडतात. निरोगी डोळ्यातलं पाणी स्वच्छ असतं. युव्हायटिसमध्ये त्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात, कवडशात धूळ दिसावी तशा. डॉक्टर त्या मोजतात आणि सूज किती आहे याची श्रेणी ठरवतात. बाहुली मोठी करून मागचा भाग तपासतात. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये रेटिनाच्या मध्यभागी पाणी साचलंय का ते कळतं. युव्हायटिसमध्ये नजर कमी होण्याचं हे एक मोठं कारण आहे.

थोडक्यात, आजार किती आहे हे यंत्रातून दिसतं, आरशातून नाही.

उपचार कसे होतात?

संसर्ग असेल तर त्याचं औषध. संसर्ग नसेल तर सूज उतरवायची. ही पायऱ्या-पायऱ्यांची चढण आहे.

पहिली पायरी थेंबांची. पुढच्या भागाच्या युव्हायटिसमध्ये प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइडचे थेंब सुरुवातीला अगदी तासातासालाही घालायला सांगतात. सोबत बाहुली मोठी करणारे थेंब असतात. ते ठणका कमी करतात आणि आयरिस मागच्या भिंगाला चिकटू देत नाहीत. या थेंबांनी जवळचं धूसर दिसतं, त्याची भीती नको. पण तेवढा काळ गाडी चालवू नका.

दुसरी पायरी इंजेक्शन किंवा इम्प्लांटची. सूज मधल्या किंवा मागच्या भागात असेल तर थेंब तिथपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. मग डोळ्याच्या बाजूला किंवा आत औषध दिलं जातं. डेक्सामेथासोनची बारीक कांडी डोळ्यात सोडता येते. ती काही महिने हळूहळू औषध सोडत राहते.

तिसरी पायरी स्टिरॉइडच्या गोळ्यांची. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि १९५० मध्ये हेंच यांच्यासह तिघांना नोबेल मिळालं. तेव्हापासून दाहाच्या आजारांत स्टिरॉइड हे पहिलं हत्यार राहिलं आहे. ते झटपट काम करतं. पण दीर्घकाळ जास्त डोस घेतला तर साखर आणि रक्तदाब वाढतो, वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात. डोळ्यात मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका असतो. म्हणून गोळ्या आग विझवायला असतात, वर्षानुवर्षं चालवायला नसतात.

चौथी पायरी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इतर औषधांची. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल किंवा स्टिरॉइड कमी केलं की सूज परत येत असेल तर मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन अशी औषधं दिली जातात. यांतलं कुठलं चांगलं? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फास्ट' नावाच्या चाचणीने मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट समोरासमोर तपासले. त्यात २१६ रुग्ण होते आणि भारतातली रुग्णालयंही सहभागी होती. सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के आणि मायकोफेनोलेट घेणाऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्के रुग्णांमध्ये उपचार यशस्वी ठरले. हा फरक मायकोफेनोलेटला सरस ठरवणारा तर नव्हताच. म्हणजे जुनं आणि स्वस्त मेथोट्रेक्सेट कमी दर्जाचं आहे असं समजायचं कारण नाही.

इथे एक धोक्याची सूचना. मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा आणि घरात आणखी एकाला सांगून ठेवा. गरोदरपणात हे औषध चालत नाही, दारू टाळावी लागते आणि रक्ताच्या तपासण्या वेळेवर कराव्या लागतात.

पाचवी पायरी बायोलॉजिक औषधांची. सूज पेटवणाऱ्या टीएनएफ या रेणूला ॲडालिम्युमॅब हे औषध अडवतं. ते सहसा दोन आठवड्यांनी त्वचेखाली टोचतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सूज पुन्हा बळावून उपचार फसेपर्यंतचा मध्यम काळ औषधाशिवाय १३ आठवडे होता, ॲडालिम्युमॅबसह तो २४ आठवडे झाला. त्याच वर्षी अमेरिकेने संसर्गाशिवायच्या युव्हायटिससाठी त्याला मान्यता दिली. भारतात २०१४ च्या अखेरीस झायडस कॅडिला कंपनीने या औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती आणली होती. मूळ औषधाशी मिळतंजुळतं आणि तुलनेने स्वस्त अशा औषधाला बायोसिमिलर म्हणतात. तरीही खर्च लहान नाही, आणि ते सुरू करण्याआधी टीबीची तपासणी लागतेच.

डोळा पांढरा झाला, मग औषध का चालू ठेवायचं?

अनेकांची नजर नेमकी इथेच धोक्यात येते. थेंब सुरू केले की काही दिवसांत ठणका जातो, लाली जाते. रुग्णाला वाटतं, बरं झालं. बाटली फ्रिजमध्ये जाते. आत मात्र पेशी अजून तरंगत असतात. औषध अचानक बंद झालं की सूज उसळते, आणि दर वेळी थोडं कायमचं नुकसान करून जाते. म्हणून स्टिरॉइडचे थेंब हळूहळू कमी करतात, दिवसाला सहा वेळा, मग चार, मग तीन, असं आठवड्या-आठवड्याने. बरेच दिवस घेतलेल्या गोळ्या तर अचानक थांबवायच्याच नाहीत. तोपर्यंत शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं.

याची उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. काही जण मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून किंवा चिठ्ठीशिवायच स्टिरॉइडचे थेंब आणतात आणि महिनोन्महिने घालत राहतात. डोळा छान पांढराशुभ्र राहतो. पण काहींमध्ये आतला दाब वाढत असतो. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही. कळतं तेव्हा बाजूची नजर गेलेली असते आणि ती परत येत नाही. डोळ्यातला संसर्ग विषाणूचा असेल तर याच थेंबांनी तो भडकतो. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, पण आपल्याकडे ती सहज मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन अशी नावं असतील तर ते स्टिरॉइड आहे.

मुलांच्या बाबतीत जास्त काळजी का?

लहान मुलांच्या संधिवातात, विशेषतः गुडघा सुजलेल्या लहान मुलींमध्ये, युव्हायटिस अगदी गुपचूप येतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. मूल काही सांगत नाही, कारण कमी दिसतंय हे त्याला कळतच नाही. म्हणून असं निदान झालेल्या मुलांचे डोळे तक्रार नसतानाही ठरावीक काळाने, बहुतेकदा दर तीन महिन्यांनी, स्लिट लॅम्पवर तपासायला सांगतात.

उपचारांत इथे मोठी सुधारणा झाली आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'सायकॅमोर' चाचणीत ९० मुलं होती. सगळी मेथोट्रेक्सेट घेत होती. त्यासोबत ॲडालिम्युमॅब मिळालेल्या मुलांपैकी २७ टक्के मुलांमध्ये उपचार अपयशी ठरले, न मिळालेल्यांमध्ये ६० टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणीत नवी मुलं घेणं वेळेआधीच थांबवण्यात आलं.

मग काय लक्षात ठेवायचं?

ठणका, उजेडाचा त्रास, धूसर नजर किंवा अचानक वाढलेले काळे ठिपके, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी तपासून घ्या. डोळ्यात मध, गुलाबपाणी, आईचं दूध असं काही घालू नका. एकदा युव्हायटिस झाला असेल तर तो पुन्हा होऊ शकतो, त्यामुळे जुन्या फाइल्स आणि औषधांची यादी जपून ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं असेल तर आधी डोळा साधारण तीन महिने शांत असावा, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ताप आला किंवा कुठली लस घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि तपासणीच्या शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: 'डॉक्टर, आतल्या पेशी पूर्ण गेल्या का?' औषध कधी आणि कसं कमी करायचं, हे त्या उत्तरावर ठरतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कुठलंही औषध सुरू किंवा बंद करण्याआधी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्या.)